उदाहरणापुरती बंदिश

मला वाईट उदाहरणांचा राग येतो. ‘चवीनुसार मीठ’ लिहून मोकळ्या होणाऱ्या पाककृतींचा येतो, औषधाच्या खोक्यात घडी करून कोंबलेल्या त्या बारीक अक्षरांच्या कागदाचा येतो, आणि सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या माहितीचा तर विचारूच नका. पोटासाठी मी तीच लिहिते, म्हणून जरा जास्तच येतो.

हे सगळं प्रकरण सुरू झालं ते त्या रागातूनच. संगीत लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात माऊसने स्वर चिकटवत बसायचं नाही. कोड लिहायचा. म्हणजे कुठला स्वर, किती मात्रांचा, त्याखाली शब्द कोणता, हे सगळं अक्षरांत टाइप करायचं आणि मग ते छापील पुस्तकासारखं सुरेख पान तयार करून देतं. वाजवूनही दाखवतं. जगभरचे लोक हौसेनं, फुकट ते चालवतात. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आपल्या रागसंगीतावर एक प्रकरण होतं आणि त्यातली कोडची उदाहरणं बघून माझं डोकंच फिरलं. तीनतालाच्या उदाहरणात सोळाऐवजी पंधरा मात्रा! बंदिश म्हणून जे दिलं होतं ते नुसतं सारेगमपधनीसा, एकदा वर आणि एकदा खाली. कोड चालत होता, पान दिसत होतं, म्हणून कुणालाच काही खटकलं नव्हतं. मी तणतणत एक लांबलचक तक्रार लिहिली. उत्तर आलं, फार छान, मग तुम्हीच सुधारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता खरी बंदिश आणायची कुठून? तर घरातूनच. आई माझ्याकडे राहते, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. उभा जन्म तिनं गाणं शिकवण्यात घातला. तिचे गुरुजी मनमाडला राहायचे. लग्नाआधी दर रविवारी ती नाशिकरोडहून पॅसेंजरने मनमाडला जायची, गुरुजींसमोर बसून शिकायची आणि अंधार पडायच्या आत परतायची. गुरुजींनी स्वतः बांधलेली मारवा रागातली एक बंदिश होती, ती त्यांनी एकट्या आईला दिली. देताना वचन घेतलं. लिहायची नाही, रेकॉर्ड करायची नाही, आणि डोळे मिटायच्या आधी कुणातरी एकाला द्यायची. ज्याला द्यायची त्याला आधी गंडा बांधायचा. म्हणजे मनगटाला लाल दोरा, तोंडात गूळ-चणे, डोक्यावर हात, मग तो शिष्य खरा. बाकीचे सगळे शिकवणीचे.

मी तर शिकवणीचीसुद्धा नव्हते. दहावीला तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला तो ठेवलाच, पुढे इंजिनीअरिंग झालं, नोकरी झाली. आईनं कधी त्रागा केला नाही. पण बंदिशीचा विषय निघाला की म्हणायची, ‘अजून कुणी भेटलं नाही गं.’ परीक्षेची मुलं यायची, स्पर्धेची यायची, टीव्हीवर जायचंय म्हणणारी यायची आणि जायची. आईनं सत्तरी ओलांडली तरी बंदिश तिच्यापाशीच होती.

लहानपणी एकदा बंद दाराआडून मी ती ऐकलेली आहे. स्वर आठवत नाहीत. एवढंच आठवतं की अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं पोटात काहीतरी झालं होतं. मी घाबरून स्वयंपाकघरात पळाले होते.

‘आई, मारव्याची ती बंदिश दे,’ मी सरळ म्हटलं. ‘उदाहरणाला हवीय.’

ती मटार सोलत होती. ‘अगं बाई! जगाला वाटायला?’

‘गुरुजींचं नाव टाकीन की.’

‘नावाचं काय घेऊन बसलीस?’ तिनं आणखी एक शेंग फोडली. मग तिच्या डोळ्यांत ती जुनी खोडकर चमक आली. ‘देते. पण सम बदलून देते.’

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळं गाणं जिथे येऊन टेकतं ती जागा. जुन्या गवयांची ही रीतच, तिनं मला समजावलं. परक्यानं बंदिश मागितली तर नाही म्हणायचं नाही, वाईट दिसतं. द्यायची, पण एक जागा मोडून द्यायची. मारवा हा संध्याकाळचा राग, त्यात ‘सा’ सहजासहजी हाताला लागू द्यायचा नसतो, ऐकणाऱ्याला अधांतरी ठेवायचं असतं. आईनं काय केलं, तर सम नेमकी ‘सा’वर आणून ठेवली.

‘बघ, कसं गोड गोड लागतंय. कुणाला शंकासुद्धा येणार नाही,’ म्हणून ती खुदुखुदु हसली.

‘आणि खरी सम कुठे येते?’

‘ते तुला कशाला? तू कुठे गंडा बांधलायस?’

मला राग आला, खोटं कशाला बोलू! पोटची पोर आणि परकी? पण काम होत होतं, म्हणून गिळला.

उदाहरणं लिहायचे नियम कडक असतात. एका उदाहरणात एकच गोष्ट दाखवायची. जे नको ते कापायचं. कुणीही उचलून आपल्याकडे टाकलं तरी जसंच्या तसं चाललं पाहिजे. मुख्य स्वराला ओझरता चिकटणारा कणस्वर कसा लिहायचा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कशी दाखवायची, शब्द मात्रेखाली कसा बसवायचा, आवर्तन पुन्हा कसं घ्यायचं, या प्रत्येकासाठी मी त्या बंदिशीचा मुखडाच वापरला, म्हणजे पहिली ओळ. वाचणाऱ्याला ओळखीची राहील म्हणून. पुढचा अंतराही एका उदाहरणात घातला होता, तो सॉफ्टवेअरवाल्यांकडच्या तपासणाऱ्या बाईंनी काढायला लावला. गरज नाही म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.

प्रत्येक बदलानंतर तुकडा वाजवून बघायचा असतो. हॉलमधल्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि शेजारच्या खुर्चीत आई. सकाळी तोच मुखडा, जेवणानंतर तोच मुखडा, दिवेलागणीला तोच. मशीनच्या त्या सपाट आवाजात, दर वेळी ‘सा’वर टेकणारा.

‘त्याला म्हणावं जरा उशिरा ये,’ आई सांगायची. सॉफ्टवेअर तिच्या लेखी शिकवणीचा एक मठ्ठ मुलगा होता. ‘मेला घाई करतोय नुसती.’ मी लयीचा आकडा बदलायचे, पुन्हा वाजवायचे. ‘आता बरं आहे. पुन्हा एकदा लाव.’ मी पुन्हा लावायचे. आम्ही दोघी इतक्या वर्षांत एवढा वेळ एकमेकींजवळ बसलो नव्हतो. मला तेव्हा फार सुख वाटत होतं, आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

कारण त्याच दिवसांत बाकीचंही सुरू झालं होतं. आधी दूध. गॅसवर ठेवून विसरली, पण ते कोण विसरत नाही? मग कोपऱ्यावर भाजीला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. भाजीवाल्यानं फोन केला, ‘ताई, आजी इथंच उभ्या आहेत. घर कुठलं ते मलाच विचारतायत.’ मग एका सकाळी तिनं मला हलवून उठवलं. ‘ऊठ गं, मनमाडची गाडी चुकेल. गुरुजी वाट बघत असतील.’ गुरुजींना जाऊन किती वर्षं झाली होती. मी तिला म्हटलं, आज गाडी रद्द आहे, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. आत्ताचं आधी जाईल, जुनं मागाहून. नावं जातील, रस्ते जातील. ‘गाणं मात्र बऱ्याच जणांचं शेवटपर्यंत टिकतं,’ ते म्हणाले. ‘गाऊ द्या त्यांना.’ ते एक वाक्य मी घट्ट धरलं. रिक्षात आईचा हात हातात घेतला आणि मनात म्हटलं, रस्ते जाऊ देत, माझं नावसुद्धा जाऊ दे, बंदिश तरी आहे. घरी आल्यावर तिला म्हटलं, ‘आई, आता कुणालातरी देऊन टाक ना ती.’

‘मी काय मरायला टेकलेय? बघू, भेटेल कुणी.’

एका संध्याकाळी ती मेथी निवडत गुणगुणत होती. मुखडाच होता. मला बरं वाटलं, मी चहा पीत ऐकत बसले. मग माझ्या लक्षात आलं की ओळ दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी ती किंचित थांबतेय. आवर्तन पुन्हा सुरू करताना मशीन तसं अडखळायचं. ती माझ्या कोडमधली खोड होती, काढायची राहिली होती. आई तिथेच थांबत होती आणि तेवढंच थांबत होती. गाणारा माणूस तसा थांबत नाही. पुन्हा ओळ, पुन्हा तो धक्का, पुन्हा ओळ. मी कप खाली ठेवला.

‘आई, ही उदाहरणातली झाली. खरी म्हण ना.’

‘हीच तर खरी.’

‘अगं, सम बदलली होतीस ना तू!’

‘मी? गुरुजींची सम मी बदलीन?’ तिनं मेथीची जुडी ताटात आपटली. ‘जीभ झडेल माझी.’

मला वाटलं, लपवतेय. लबाड कुठली, माझ्यापासून लपवतेय, गंडा नाही ना बांधला मी. त्या दिवसापासून मी रोज देवापुढे हात जोडून एकच मागायला लागले, की माझी आई खोटं बोलत असू दे.

मी हेडफोन लावून काम करायला लागले. तर आई मागे येऊन उभी राहायची. तिची चाहूल लागायची नाही, एकदम खांद्यावर हात यायचा. ‘बंद का केलंस? म्हणू दे ना त्याला.’ मी नाही म्हटलं की हिरमुसून खुर्चीत बसायची आणि त्याच्या वाट्याचं स्वतःच म्हणायची. तो अडखळण्याचा धक्का मी कोडमधून काढून टाकला, दुरुस्त केलेलं तिला मुद्दाम ऐकवलं. मशीन सुधारलं. आईचं अडखळणं तसंच राहिलं.

इकडे उदाहरणं पुढच्या आवृत्तीत गेली. लोकांना फार आवडली. कुठल्याशा थंड देशातल्या एका शिक्षकानं कळवलं की त्याची मुलं हा मुखडा बासरीवर वाजवतात, शेवटचा स्वर आला की घरी आल्यासारखं वाटतं. मी आभार मानले आणि लॅपटॉप मिटला.

खरं-खोटं कळायला आता एकच संधी उरली होती, गुरुजींची पुण्यतिथी. दर वर्षी थंडीत त्या दिवशी आई हॉलमध्ये गुरुजींचा फोटो मांडते, हार घालते आणि दार लावून त्यांच्यासमोर ती बंदिश म्हणते. ठेक्याला इगतपुरीचे काका. तेही गुरुजींकडेच तबला शिकलेले, जन्मभर रेल्वेत नोकरी केली आणि हा एक दिवस कधी चुकवला नाही. त्या दोघांशिवाय खोलीत कुणी नसतं. मला दर वर्षी बाहेर घालवलं जातं आणि मी खाली रस्त्यावर फेऱ्या मारत बसते. काही असो, फोटोसमोर आई खोटं गाणार नाही, मरण आलं तरी नाही, एवढी मला खात्री होती.

काका आले, तबला लावून झाला. मी चपला घालून दाराशी उभी राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाली, ‘उभी का? बस ना.’

काकांनी चमकून वर बघितलं. मी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसले.

आलाप निर्मळ होता. आवाज थोडा कापत होता, पण स्वर कुठे हलत नव्हता. मला वाटलं, आहे, सगळं आहे, उगीच घाबरले मी. मग तिनं मुखडा उचलला आणि सम आली. ‘सा’वर आली. दाद द्यायला काकांनी मान उचलली होती ती तशीच वर राहिली. हात चालू होते, नजर माझ्याकडे होती. आई थांबली, तेवढंच, आणि पुन्हा मुखडा. पुन्हा ‘सा’. आता अंतरा येईल म्हणून मी वाट बघत होते. अंतरा आलाच नाही. ती ओळ संपवायची, अडखळायची आणि तीच ओळ घ्यायची, डोळे मिटून, चेहऱ्यावर इतकं समाधान की बघवत नव्हतं. शेवटी काकांनीच ठेका हळू केला आणि थांबवला.

‘झाली सेवा,’ आई म्हणाली आणि फोटोला नमस्कार केला.

काकांना सोडायला मी खाली गेले. पार्किंगमध्ये ते थांबले. ‘पोरी, ताईंनी आज दुसरी म्हटली का?’

‘नाही काका. तीच समजून म्हटली.’

‘पण तिथं सम नाय येत तिची.’

‘मग कुठे येते?’ मी त्यांचा हातच धरला. ‘सांगा ना. नुसती गुणगुणा, मी ओळखीन.’

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर हलली, आणि काहीच आलं नाही. ‘मी ठेक्याचा माणूस, पोरी. लय वर्षं ऐकली, पण ध्यान सगळं बोटांत. कुठं नव्हती येत ते सांगतो. कुठं येत होती ते नाय सांगता येणार.’ त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. ‘मला वाटायचं, ताई हायेत ना.’

वर आले तर आई फोटोसमोरून उठली नव्हती. मला सुचलं ते तेव्हाच. तिनं बंदिश लपवली होती ती परक्यांपासून. मग मी परकी राहायलाच नको. गाणं जुनं आहे, गंड्याचा विधी त्याहून जुना, तो हात-पाय आपोआप करतात. तो सुरू झाला तर कदाचित आतलं कुलूप निघेल, खरी सम आपसूक वर येईल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

‘आई,’ मी म्हटलं, ‘मला गंडा बांधशील?’

ती माझ्याकडे वळली. ‘तू?’ मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला मान खाली घालावी लागली. ‘मला वाटलंच नव्हतं गं तू कधी मागशील. मी कित्ती वाट बघितली.’

पंचवटीतून लाल दोरा आणला, गूळ-चणे आणले. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आई ठेवणीतली साडी नेसून तयार. तिला सगळं आठवत होतं! कुठलं आसन कुठे, कोणाचं तोंड कुठल्या दिशेला, दोऱ्याला गाठी कशा, समई आधी की नमस्कार आधी. ‘अशी काय बसलीस गबाळ्यासारखी? पाठ ताठ कर.’ मी बोलणी खात होते आणि मनातून उड्या मारत होते. परत आली माझी आई, परत आली. तिनं गाठ मारली, माझ्या तोंडात गूळ-चणे घातले आणि डोक्यावर हात ठेवला. तिचा हात जड आणि गरम होता.

‘आता कान दे इकडे,’ ती म्हणाली. ‘हे मी आजवर कुणालाही दिलेलं नाही. तुझ्या बाबांनासुद्धा ऐकवलं नाही.’

आणि तिनं मुखडा म्हटला. सम आली. ‘सा’.

‘म्हण.’

मी म्हटला, पण ‘सा’वर आलेच नाही. मुद्दाम पुढे कोमल रिषभावर गेले. खरं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण निदान तिला काही टोचेल, काही हलेल. तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. ‘अंहं. ‘सा’वर ये.’

मी पुन्हा म्हटला, या वेळी धैवतावर टेकले. ‘कान कुठे आहेत तुझे? एवढी मोठी झालीस! ‘सा’ म्हणतेय ना मी?’ ती खरंच रागावली होती, आणि रागाखाली तिला भीती वाटत होती, ती मला दिसली. मला जमलं नाही तर काय, ही भीती. आपल्या हातून निसटलं तर काय. माझ्यानं ते बघवेना.

तिसऱ्यांदा मी तिनं सांगितलं तसंच म्हटलं. ‘सा’वर येऊन टेकले.

‘हां! आली!’ तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ‘सुटले गं बाई. गुरुजींना काय तोंड दाखवू, याचा घोर होता इतकी वर्षं जिवाला. आता मी केव्हाही जायला मोकळी.’

मी तिला घट्ट धरलं. मग तिनं हळूच कानाशी तोंड आणलं.

‘आणि हे बघ, ही आता तुझ्याजवळच ठेवायची. बाहेर कुणाला द्यायची नाही.’

‘नाही देत, आई,’ मी म्हटलं.